एरियल घरांत कीं घरावर?

तलासरीहून आमच्या एका वाचकभगिनीचें पत्र आलें होतें. पत्र चांगलें चार पानांचें. पण त्यांतील प्रश्न एका ओळींत मावण्यासारखा. टीव्हीवर चित्र नीट दिसावें म्हणून एरियल घरांत ठेवावी कीं घरावर लावावी? असे प्रश्न आमच्याकडे पुष्कळ येतात, आणि बहुधा आम्ही चार ओळींचें उत्तर देऊन मोकळे होतों. ह्या पत्रास मात्र तसें उत्तर देववेना. त्या प्रश्नापायीं एक जुनें झाड तोडण्याची गोष्ट निघाली होती, एक मुलगा छपरावर चढूं लागला होता, आणि घरांतील वृद्ध माणसाच्या एका साध्या इच्छेवरून तीन भावांत तीन मतें झालीं होतीं.

पत्र लिहिणाऱ्या वहिनी एका मोठ्या एकत्र कुटुंबांतील मधल्या सूनबाई आहेत. घरांत तीन भाऊ, त्यांचीं बायकामुलें आणि सासूबाई मिळून अकरा माणसें. सासूबाई, म्हणजे आतां साऱ्या घराच्याच आजी, पंच्याऐंशीच्या पुढें गेलेल्या. पडून मांडीचें हाड मोडल्यापासून त्यांचें बाहेर येणें-जाणें थांबलें. सायंकाळच्या मराठी बातम्या ऐकाव्या, एखादें कीर्तन लागलें तर पाहावें, एवढीच त्यांची हौस. म्हणून माजघरांतला टीव्ही त्यांच्या खोलींत नेला. परंतु त्या आंतल्या खोलींत मोबाईलची रेंज पोंचत नाहीं, आणि घर वस्तीपासून बाजूस पडल्यामुळें केबल तेथवर आलेली नाहीं.

उपाय सांगणारे तिघे भेटले. थोरल्या भावांच्या मुलानें मोबाईलवरून एक चपटी, पुठ्ठ्याएवढी घरांतील एरियल मागविली. त्याचा मामेभाऊ अमेरिकेंत न्यू जर्सींतील एडिसन गांवीं असतो. त्याच्या खिडकीला तशीच एरियल चिकटविलेली आहे आणि तीवर तो वर्गणीवांचून पुष्कळ वाहिन्या पाहतो. बाजारांतील दुरुस्तीवाल्यानें सांगितलें कीं, घरांतल्या एरियलनें कांहीं व्हावयाचें नाहीं. छपरावर जुना खांब आहेच, त्यावर नवी एरियल आणि बूस्टर बसवा. तिसरा डिश बसविणारा. त्याचें म्हणणें असें कीं, डिश त्या खांबाच्या टोकावर तरी बसविली पाहिजे, नाहीं तर अंगणांतलें चिकूचें झाड तरी तोडलें पाहिजे. तें झाड आजेसासऱ्यांनीं लावलेलें. 'आपण सांगाल तें सर्वांस पटेल,' असें वहिनींनीं शेवटीं लिहिलें होतें. एवढा विश्वास टाकल्यावर घरबसल्या सल्ला देणें आम्हांस प्रशस्त वाटलें नाहीं. मार्चच्या मध्यास कांहीं कामानें आम्हांस डहाणूस जावयाचें होतेंच. तसेच पुढें तलासरीस गेलों.

आधीं पुतण्याच्या एरियलची परीक्षा झाली. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'दोनशें मैलांपर्यंत' असें छापलें होतें. तार टीव्हीस जोडून वाहिन्यांचा शोध लावला. यंत्रानें सारी पट्टी धुंडाळून शून्य वाहिन्या दाखविल्या. मुलानें एरियल खिडकींत धरली, कपाटावर ठेवली, अखेर लांब तार जोडून गच्चीवर नेली. प्रत्येक वेळीं उत्तर तेंच. मुलगा बिचारा ओशाळला. त्याची चूक बुद्धीची नव्हती. त्यानें वस्तु चांगली निवडली होती; फक्त ती कोणत्या गांवासाठीं आहे तें पाहिलें नव्हतें.

येथें आपल्या साऱ्या वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. एरियल लहर निर्माण करीत नाहीं. आलेली लहर ती गोळा करते. पन्हळ लावल्यानें पाऊस पडत नाहीं. पडलेला पाऊस हौदांत येतो, इतकेंच. तेव्हां पन्हळ कोणती घ्यावी हें ठरविण्यापूर्वीं पाऊस कोणत्या बाजूनें येतो आणि येतो कीं नाहीं, हें पाहिलें पाहिजे. एरियलच्या बाबतींत विचारावयाचे प्रश्न तीनच: लहर कोठून निघते, ती किती लांबीची आहे, आणि तिच्या वाटेंत काय आडवें येतें.

आपल्या लोकांच्या मनांत घरांतल्या एरियलवर जो विश्वास आहे तो रेडिओच्या काळापासूनचा आहे. मुंबईस २३ जुलै १९२७ रोजीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र सुरू झालें, तेव्हां हौशी मंडळी घरावर वेळू उभारून तारा ताणीत. पुढें यंत्रें सुधारलीं आणि दिवाणखान्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टांगलेली तांब्याच्या जाळीची पट्टी पुरेशी होऊं लागली. ती पट्टी पाहिलेलीं माणसें अद्याप घरोघर आहेत. ट्रान्झिस्टर आला तेव्हां तर फेराइटची वीतभर कांडी यंत्राच्या पोटांतच बसली. हें शक्य झालें, कारण मध्यम लहरी सुमारें दोनशें ते साडेपांचशें मीटर लांबीच्या असतात. त्या जमिनीच्या वळणानें जातात, टेकाडाला वळसा घालतात आणि भिंतींतून घरांत शिरतात.

टीव्हीची लहर त्या जातीची नव्हे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. त्या काळच्या टीव्हीच्या पहिल्या पट्ट्यांतील लहरी सुमारें साडेचार ते साडेसहा मीटर लांबीच्या असत. एरियलची मुख्य कांडी लहरीच्या निम्म्या लांबीची असावी लागते. म्हणूनच गच्चीवरच्या जुन्या एरियलच्या कांड्या पुरुषभर उंचीहूनही लांब दिसत. अशा आंखूड लहरी बहुतांशीं सरळ रेषेंत जातात, आणि पृथ्वी गोल असल्यामुळें कांहीं अंतरानंतर जमीनच आडवी येते.

हें अंतर काढण्याचा हिशेब सोपा आहे. उंची मीटरमध्यें घेऊन तिचें वर्गमूळ काढावें आणि त्यास ४.१२ नें गुणावें, म्हणजे त्या उंचीवरून रेडिओलहरींचें क्षितिज किती किलोमीटरांवर आहे तें कळतें. मुंबईस वरळीचा दूरदर्शनचा मनोरा सुमारें ३०० मीटर उंच; त्याचें क्षितिज सुमारें ७१ किलोमीटर. घराचा खांब जमिनीपासून १२ मीटर उंच धरला तर त्याचें १४ किलोमीटर. दोहोंची बेरीज ८५. वरळीहून तलासरी सरळ रेषेंत सुमारें १२५ किलोमीटर आहे. म्हणजे ४० किलोमीटर कमी पडले! तो मनोरा तलासरीहून नजरेच्या टप्प्यांत यावा तर येथें सुमारें १७० मीटरांचा खांब पाहिजे. डहाणूच्या औष्णिक वीजकेंद्राची चिमणी सुमारें २७५ मीटर उंच आहे. ती हें काम करती, पण कोणा गृहस्थास तसली चिमणी परवडावी?

तरीही तलासरीच्या बाजूस मुंबईचें चित्र अगदींच येत नसे असें नाहीं. क्षितिजापलीकडे लहर थोडीशी वाकते, आणि पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यापूर्वींच्या उष्ण दिवसांत समुद्रावरील हवेचे थर तिला दूरवर वाहूनही नेतात. मात्र तिचें बळ फार क्षीण झालेलें असतें. म्हणून त्या दिवसांत आमचा सल्ला विचारला असता तर तो असा झाला असता. मनोरा गच्चीवरून दिसण्यासारखा असेल, म्हणजे गिरगांव, दादर, पार्ले अशा ठिकाणीं घर असेल, तर टीव्हीवर ठेवावयाच्या दोन शिंगांच्या एरियलवर भागवावें. मनोरा लांब पण क्षितिजाच्या आंत असेल तर एरियल घरावर पाहिजे. कारण भिंती लहरीचा मोठा भाग खातात, आणि कोणी खोलींतून चालत गेलें तरी चित्र हलतें. आणि क्षितिजापलीकडे घर असेल तर उंच खांब, पुष्कळ कांड्यांची एरियल व बूस्टर, एवढें करूनही जें दिसेल त्यांत समाधान मानावें.

कांड्या पुष्कळ कां, हेंही सांगतों. त्या एरियलमध्यें टीव्हीची तार एकाच कांडीस जोडलेली असते. तिच्या मागची किंचित् लांब कांडी मागें निसटणारी लहर पुढें परतविते. समोरच्या आंखूड कांड्या समोरून येणारी लहर तिच्याकडे वळवितात. म्हणून आंखूड कांड्यांचें टोंक नेहमीं क्षेपणकेंद्राकडे असावें लागे. तलासरीस तें दक्षिणेस. ही रचना १९२६ च्या सुमारास जपानांत शिंतारो उदा व हिदेत्सुगु यागी ह्या दोघां प्राध्यापकांनीं शोधून काढली. तिची एक चमत्कारिक गोष्ट सांगतात. १९४२ मध्यें जपान्यांनीं सिंगापूर घेतलें तेव्हां इंग्रजांच्या कागदांत 'यागी' हा शब्द पुनःपुन्हा आढळला. तो काय आहे हें त्यांना समजेना. अखेर एका इंग्रज कैद्यानेंच त्यांना सांगितलें कीं, तें तुमच्याच प्राध्यापकाचें नांव आहे. घरचें ज्ञान घरांत न ओळखण्याची खोड आपल्याच देशापुरती नाहीं, असें ही गोष्ट ऐकून आमच्या मनांत आलें.

बूस्टरविषयीं मात्र लोकांची समजूत फार चुकीची असे. बूस्टर चित्राबरोबर खरखरही वाढवितो. पाणचट दूध मोठ्या भांड्यांत ओतलें म्हणून तें घट्ट होत नाहीं. म्हणून बूस्टर खांबाच्या टोंकाशीं, तारेंत लहर क्षीण होण्यापूर्वीं लावावयाचा असे. पुष्कळ घरीं तो टीव्हीशेजारीं ठेवीत आणि पडद्यावरच्या मुंग्या तेवढ्या अधिक ठळक करून घेत.

आतां आजच्याकडे वळूं. १९८४ मध्यें दूरदर्शननें देशभर लहान क्षेपणकेंद्रें झपाट्यानें उभारलीं. कांहीं महिने तर सरासरीनें दिवसास एक केंद्र सुरू होत होतें. त्यामुळें गांवोगांवच्या छपरांवर एरियली आल्या. परंतु तो काळ आतां संपला आहे. ऑक्टोबर २०२१ मध्यें प्रसार भारतीनें जाहीर केलें कीं, संरक्षणाच्या दृष्टीनें ठेवावयाचीं सुमारें ५० केंद्रें वगळून जुन्या पद्धतीचीं सारीं भूक्षेपण केंद्रें मार्च २०२२ पर्यंत बंद होतील. नव्या अंकीय पद्धतीचें भूक्षेपण दूरदर्शननें २०१६ मध्यें १६ शहरांतून सुरू केलें होतें. महाराष्ट्रांत मुंबई व त्या वेळचें औरंगाबाद हीं दोनच त्यांत होतीं. वर सांगितलेला क्षितिजाचा नियम त्यासही लागू आहे; शिवाय अंकीय चित्र अंधुक होऊन येत नाहीं, आलें तर पुरें येतें, नाहीं तर मुळींच येत नाहीं.

तेव्हां दुरुस्तीवाल्याची नवी एरियल आणि पुतण्याची चपटी एरियल ह्या दोहोंचा निकाल एकच. ज्या आकाशांतून लहर येत नाहीं तेथें एरियल घरांत ठेवली काय आणि घरावर ठेवली काय! मग अमेरिकेंतील मामेभावास वाहिन्या कशा दिसतात? तेथें भूक्षेपण अद्याप चालूं आहे. १२ जून २००९ रोजीं मोठीं केंद्रें अंकीय झालीं, बंद पडलीं नाहींत. एडिसनपासून न्यूयॉर्कच्या उंच इमारती सुमारें ४० किलोमीटरांवर. त्यांतील वन वर्ल्ड ट्रेड सेंटर ५४१ मीटर उंच, आणि तिच्या माथ्यावरून टीव्हीच्या लहरी निघतात. आपल्याच हिशेबानें त्या टोंकाचें क्षितिज सुमारें ९६ किलोमीटर होतें. त्याची खिडकी त्या वर्तुळांत आहे. मामेभावानें सांगितलें तें खरें होतें. फक्त तें तलासरीचें नव्हतें. नातलगांनीं परदेशाहून सुचविलेल्या पुष्कळ वस्तूंची अशीच गत होते.

राहिली डिश. तलासरीस वर्गणीवांचून टीव्ही पाहावयाचा तर दूरदर्शनची फ्री डिश हाच आजचा मार्ग. ही सेवा डिसेंबर २००४ मध्यें डीडी डायरेक्ट प्लस ह्या नांवानें निघाली. सह्याद्री वाहिनी तीवर आहे, म्हणजे आजींच्या बातम्यांची सोय झाली. डिश व पेटी एकदां विकत घ्यावी लागते, पुढें मासिक आकार नाहीं. पेटी घेतांना ती एमपीईजी-४ प्रकारची आहे एवढें पाहून घ्यावें. जुन्या प्रकारच्या पेटीवर कांहीं वाहिन्या दिसत नाहींत. प्रश्न उरला तो डिश कोठें बसवावी हा; आणि खांब कीं झाड हा वाद त्यावरूनच होता.

येथेंच जुन्या व नव्या एरियलमधील मुख्य भेद लक्षांत येतो. जुन्या एरियलचा क्षेपक क्षितिजाशीं उभा असे, म्हणून तिला उंची पाहिजे होती. डिशचा क्षेपक जीसॅट-१५ हा उपग्रह, ११ नोव्हेंबर २०१५ रोजीं सोडलेला. तो विषुववृत्तावर सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर स्थिर दिसतो. तलासरीहून पाहतां तो बरोबर आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारें ५७ अंश वर आहे. जो इतका वर आहे त्यास पाहण्यासाठीं बारा मीटर चढून काय मिळणार? छत्तीस हजार किलोमीटरांपुढें बारा मीटर म्हणजे कांहींच नव्हे. डिशला उंची नको, आग्नेयेचें मोकळें आकाश पाहिजे. तें अंगणांत मिळालें तर डिश अंगणांत बसवावी.

मोकळें आकाश आहे कीं नाहीं तें कसें पाहावें? ५७ अंशांचा हिशेब असा येतो कीं, आग्नेयेकडील अडथळा डिशहून जितका उंच असेल त्याच्या सुमारें दोनतृतीयांश अंतरावर डिश असली कीं पुरे. ३ मीटर उंच भिंत असेल तर तिच्यापासून २ मीटर. ९ मीटर उंच झाड असेल तर ६ मीटर. हें अंतर पानाफांद्यांच्या जवळच्या कडेपासून मोजावें, खोडापासून नव्हे. आणि डिशच्या तबकडीकडे पाहून फसूं नये. आपल्याकडील घरगुती डिश दिसावयास उभट असते. तिची नजर तबकडी दिसते त्याहून बरीच वर असते.

ज्यांना हिशेबाचा कंटाळा त्यांच्यासाठीं दुसरा उपाय आहे, आणि तो आम्हांस त्या दिवशीं अनायासें साधला. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि ऑक्टोबरच्या आरंभीं, सकाळीं साधारण अकरा वाजतां, तलासरीच्या आकाशांत सूर्य जेथें असतो जवळजवळ तेथेंच हा उपग्रह आहे. त्या दिवसांत कांहीं मिनिटें सूर्य डिशच्या थेट नजरेंत येतो आणि चित्र तुटतें, तें ह्याचमुळें. तेव्हां त्या घटकेस अंगणांत ज्या जागीं ऊन आहे ती जागा डिशला चालते. जेथें सावली आहे ती चालत नाहीं. पावणेअकराच्या सुमारास आम्ही सारे अंगणांत उतरलों. धाकट्या भावांनीं खडूनें चिकूच्या सावलीची कड आंखली. सावली झाडाच्या वायव्येस पडली होती आणि विहिरीच्या कट्ट्याच्या अलीकडे तीन हातांवर संपत होती. कट्ट्याजवळ स्वच्छ ऊन होतें. मधल्या भावांनीं तेथें एक वीट ठेवली आणि म्हणाले, "म्हणजे झाड राहिलें!" झाड वाढेल हें धरून आम्हीं ती वीट आणखी एक हात मागें सरकविली.

झाडाचा प्रश्न सुटला तरी खांबाचा सुटला नव्हता. आणि खरा धोका खांबाचाच होता. वहिनींनीं पत्रांत न लिहिलेली एक गोष्ट आम्हांस बाजूस घेऊन सांगितली. चार दिवसांपूर्वीं मुलगा एरियल फिरविण्यास वर चढला होता. हात लावतांच खांब हातभर कलला. आम्हीं जाऊन पाहिलें. खांब जेथें कठड्यास पट्ट्यांनीं आवळला होता तेथें गंज चढून पापुद्रे निघाले होते, आणि कठड्याच्या विटांत बोट जाईल एवढी फट होती. ह्या भागांत नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. २०१९ च्या आरंभीं कित्येक कुटुंबें रात्रीं घराबाहेर तंबूंत निजत होतीं. तशांत १७ मे २०२१ रोजीं तौक्ते वादळ मुंबईसमोरून उत्तरेस गेलें तेव्हांचा वारा. घराच्या भिंतींची डागडुजी झाली, पण छपरावरच्या खांबाकडे कोणी पाहिलें नाहीं. आणि घरापासून चार-पांच मीटरांवरून विजेच्या उघड्या तारा जातात. त्या बाजूस तो खांब पडता तर हातीं धरणाराची काय गत झाली असती, हें लिहिण्याची आवश्यकता नाहीं.

खांब काढावा हें तिघां भावांस एकदम पटलें. अडचण आजींची होती. तो खांब त्यांच्या यजमानांनीं उभारलेला, आणि त्यास हात लावावयाचा नाहीं असा त्यांचा दंडक. आम्ही त्यांच्या खोलींत जाऊन बसलों. आजी म्हणाल्या, "अहो, सत्याऐंशी सालीं रामायण लागलें तेव्हां ह्यांनीं तो उभा केला. रविवारीं सकाळीं अंगण भरून जात असे. चित्र कसलें, मुंग्याच असायच्या. एक जण वर खांब फिरवायचा, एक जण दारांत उभा राहून ओरडायचा, 'आलें, आलें... गेलें!' पण माणसें उठून जात नसत."

आम्हीं त्यांना फटीविषयीं सांगितलें, तारांविषयीं सांगितलें. त्या ऐकत होत्या. मग नातू परवा वर चढला होता तें वहिनींनीं भीतभीत सांगितलें. तेव्हां मात्र आजी उठून बसण्याची धडपड करूं लागल्या. "माझ्या बातम्यांसाठीं चढला होता? मग आजच काढा तो. वाट कशाची पाहतां?" थोड्या वेळानें म्हणाल्या, "पण भंगारांत घालूं नका."

खांब त्याच दिवशीं काढला नाहीं, आणि तें आमच्याच सांगण्यावरून. असलें काम घरच्या माणसांनीं उत्साहाच्या भरांत करावयाचें नाहीं. दोन दिवसांनीं वीज मंडळींकडून तारांचा प्रवाह बंद करवून, जाणत्या कारागिराकडून, दोर लावून तो उतरविला. वाचकांनींही हा नियम पाळावा. खांबाच्या लांबीच्या दीडपट अंतराच्या आंत विजेची तार असेल तर त्यास स्वतः हात लावूं नये. आभाळ भरून आलें असतां तर मुळींच नाहीं. ज्या घरावर एरियलचा जुना खांब निरुपयोगी उभा आहे त्यांनीं तो पावसाळ्यापूर्वीं उतरवावा. तो चित्र आणीत नाहीं. वीज मात्र आणूं शकतो.

त्या खांबाच्या खालच्या भागाचा गंजका तुकडा कापून टाकला. उरलेल्यांतला दीड-दोन मीटरांचा चांगला पाइप विहिरीच्या कट्ट्याजवळ सिमेंटांत पक्का केला, आणि डिश त्यावर बसविली. ही युक्ति थोरल्या भावांची. आजींस खिडकींतून ती दिसते. पानें पडलीं, कावळा बसून तबकडी सरकली, तर कोणीही जमिनीवर उभें राहून ती नीट करूं शकतो. आतां मुलास छपरावर चढण्याचें कारण नाहीं.

आषाढांत वहिनींचें दुसरें पत्र आलें. चित्र स्वच्छ दिसतें, पण मुसळधार पाऊस लागला कीं पडदा कोरा होतो. कारागिरास बोलवावें काय? बोलवूं नये. डिशची लहर अवघी अडीच सेंटिमीटरांच्या आसपास लांबीची असते, आणि पावसाचे थेंब तिला शोषून घेतात. जुन्या पांच मीटरांच्या लहरीस पावसाची फिकीर नव्हती, तिला डोंगर आडवे येत. नवीला डोंगरांची फिकीर नाहीं, तिला ढग आडवे येतात. जोर ओसरला कीं चित्र आपोआप परत येतें. त्या वेळीं डिश हलवाल तर पाऊस थांबल्यावरही चित्र येणार नाहीं. साध्या पावसांतही चित्र जात असेल तर मात्र दिशा किंवा तारेची जोडणी तपासावी. जोडणींत पाणी शिरूं नये म्हणून तार टोंकाशीं खालीं वळवून मग वर न्यावी.

पण वादळाची सूचना ऐकण्याची गरज ज्या घटकेस अधिक, त्याच घटकेस डिश मुकी होते, हेंही विसरतां नये. म्हणून किनाऱ्याजवळच्या प्रत्येक घरांत बॅटरीवर चालणारा एक लहान रेडिओ असावा. ह्या एका यंत्राची एरियल मात्र खुशाल घरांत असूं द्यावी. आवाज क्षीण वाटला तर मध्यम लहरींसाठीं यंत्र चौथाई फिरवून पाहावें. आंतल्या कांडीची दिशा बदलली कीं आवाज सुधारतो. आजींच्या उशाशीं आतां तो ठेवला आहे.

पुतण्याच्या एरियलचे पैसे गेले ते गेले. ती शिकवणीची फी समजावी. दुकानदार, कारागीर आणि आप्त हे तिघे तीन वस्तु सुचवितात, तेव्हां कोणती वस्तु चांगली असें विचारूं नये. आपल्या घरावर कोणती लहर येते आणि कोणत्या बाजूनें येते, एवढें पाहावें. पुष्कळदां त्या एका उत्तरानें पैसे वांचतात. तलासरीच्या त्या घरांत झाडही वांचलें, आणि मुलगा छपरावरून खालीं उतरला.